पिवळ्या टेपची जोडी

ह्यांनी मला पुष्कळ शिकवलं, गप्प बसायला तेवढं शिकवलं नाही. हे स्वतःच इतकं कमी बोलायचे की घरातलं बोलायचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. सासूबाई म्हणायच्या, "माझा लेक काय मुका नाय, पन ही बया त्याला टाइमच देत नाय." मी म्हणायचे, "दिला तर काय भाषण करणार आहेत काय?" हे जेवता जेवता मान खाली घालून हसायचे. आमच्या घरातलं हसणं एवढंच होतं, पण पुरायचं.

घर सापगावला. हे मुरबाडला, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. मी लग्नाआधी कल्याणला जाऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, आणि लग्नानंतर तो डिप्लोमा पेटीत साड्यांखाली पडला होता. भाताची लावणी, कापणी, झोडणी यातलं काही चुकलं नाही, पण कॉम्प्युटर काही दिसला नाही. एक दिवस हे कामावरून आले, पाय धुतले आणि म्हणाले, "आमच्या हापिसात टायपिंगला मानूस पायजे. येतेस काय गो?" एवढं लांब वाक्य ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. सासूबाईंकडे बघितलं, तर त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. पाखडता पाखडताच म्हणाल्या, "जा की. माझे हात काय मोडलेत?"

मग आम्ही दोघं जायला लागलो. शहापूरवरून येणारी एसटी मिळाली तर बरं, नाहीतर जीप. जीपमध्ये हे मागे लोंबकळत, मी आत कोणाच्या तरी मासळीच्या टोपलीशेजारी. दोन हजार साल उलटून गेलं होतं, कारखान्यात एकामागून एक कॉम्प्युटर येत होते, आणि टायपिंग करता करता त्यांची सगळी उस्तवार माझ्याच गळ्यात पडली. कुठला बंद पडला, बोलवा हिला. मी चिडचिड करायचे, पण मनातून मला फार आवडायचं ते.

त्यातच कारखान्याने अंगणापलीकडे नवी शेड बांधली. ऑफिसात एक स्विच होता, शेडमध्ये दुसरा बसवला. हा स्विच म्हणजे चपटी लोखंडी पेटी. पुढे ओळीने भोकं, एकेका भोकात एकेका कॉम्प्युटरची वायर, आणि भोकावर बारकासा हिरवा दिवा. ह्या कॉम्प्युटरचं त्याला पोचवायचं, एवढं त्याचं काम. दोन पेट्यांना जोडणारी वायर मात्र एकच होती, आणि सगळ्या कारखान्याच्या मालाची नोंद, हिशेब, चलनं त्या एका वायरीतून जायची. शेडमध्ये एक चलन निघेपर्यंत ट्रकवाल्याची विडी ओढून व्हायची आणि मग तो आमच्या सगळ्यांच्या आयांचा उद्धार करायचा.

ज्याने स्विच बसवले होते त्या मुंबईच्या इंजिनियरला मी फोन लावला. तो म्हणाला, दुसरी वायर टाका आणि दोन्हींचा ग्रुप करा, लिंक अॅग्रिगेशन म्हणतात त्याला. येतो म्हणाला, पण मुरबाडला रेल्वे नाही हे कळल्यावर फोनवरच सगळं सांगायला लागला. मी ते शिकले. दोन वायरी नुसत्या टोचल्या तर पेटीला कळत नाही की दोन्ही वाटा एकाच घरी जातात. एका वाटेने पाठवलेला निरोप दुसऱ्या वाटेने परत येतो, पेटी तो नवा समजून पुन्हा पाठवते, तो पुन्हा येतो, आणि घटकाभरात सगळं ठप्प. ते आपोआप अडवायची एक सोय असते, पण आमच्या पेट्यांमध्ये ती पहिल्यापासून बंद होती. म्हणून आधी दोन्ही पेट्यांना सांगून ठेवायचं, की बायांनो, शेवटची ही दोन भोकं एकच समजा. आधी सांगायचं आणि मग वायर लावायची. उलटं केलं की बोंबललं.

ह्यांनी अंगणातून पाइपातून दुसरी वायर ओढली आणि शेडमध्ये जाऊन उभे राहिले. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर पेटीच्या सेटिंगचं पान उघडून ग्रुप करायला घेतला. अर्ध्यावर होते तर समोरचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागले. सगळेच, एका दमात. बाहेरून ओरड सुरू झाली, "अरे, सगळं बंद पडलं!" मी इंटरकॉम उचलला आणि ऑफिसभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अहो, हात काय खाजत होता काय तुमचा? लावा म्हणाले होते मी?" समोरचे दिवे शांत झाले. मग हे म्हणाले, "काढली." आणि थोड्या वेळाने, "मला वाटलं, तुजा टाइम वाचंल."

त्या दिवसापासून आमची एक पद्धत पडली. पेट्यांचं काही काम निघालं की मी ऑफिसात, हे शेडमध्ये, मध्ये इंटरकॉम. हे विचारायचे, "लावू?" मी म्हणायचे, "थांबा... हां, लावा." लावली की दोन्हीकडे जोडीचे दोन दिवे लागायचे. मी म्हणायचे, "लागले." हे म्हणायचे, "हितं पन." बस. घरी नवराबायको काय बोलतात ते आम्ही फारसं कधी बोललो नाही. पण ह्या चार शब्दांत मला जे मिळायचं ते सांगता येणार नाही. आम्हाला मूल झालं नाही. दोघांनी मिळून केलेलं काय, तर त्या दोन वायरी.

काम झाल्यावर ह्यांनी दोन्ही टोकांना त्या दोन वायरी एकत्र घेऊन त्यांच्यावर पिवळी टेप गुंडाळली. कोणी एकीला ओढलं तर दुसरी पण हातात यावी आणि त्याला समजावं म्हणून. ऑफिसातल्या सगळ्यांना सांगितलं, "ही जोडी हाय. हिला हात लावायचा नाय." ह्यांनी अख्ख्या ऑफिसला उद्देशून बोललेलं ते एकमेव वाक्य असेल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यात पूजा असायची. मशीन धुवायची, झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे, नारळ, पेढे. माझ्या पेटीची पूजा मीच करायचे. वरच्या पत्र्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं आणि एक झेंडूचं फूल. हे नारळ धरून मागे उभे राहायचे आणि दर वर्षी तेच पुटपुटायचे, "पानी नको सांडू गो. वीज हाय ती." मी दर वर्षी म्हणायचे, "माहितेय मला."

मग ह्यांना कावीळ झाली. लावणी नुकतीच उरकली होती. आमच्याकडे काविळीला आधी झाडपाला घेतात. वरच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याकडून आणला, पथ्य पाळलं, डोळे पिवळेच राहिले. कल्याणच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलला, त्यावरूनच मला समजलं. शेवटी शेवटी हे भ्रमात होते. एकदा डोळे मिटूनच म्हणाले, "लावू?" मी म्हटलं, "लावा." दुसरं काय म्हणणार होते?

तेराव्यानंतर मी कामावर गेले. घरी बसले असते तर वेड लागलं असतं. सासूबाईंनीच हाताला धरून रस्त्यापर्यंत आणून सोडलं. कारखान्यातले लोक चांगले होते, पण चांगली माणसं काय काय बोलतात! एक साहेब मला म्हणाले, "तुम्ही तर जाणता, ग्रुपमधली एक वायर गेली तरी दुसरी काम चालू ठेवते. संसाराचं तसंच." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "साहेब, दुसरी चालू ठेवते कारण तिला कळत नाही पहिली गेली ते. मला कळतंय." साहेब पाण्याचा ग्लास घेऊन निघून गेले. पुन्हा संसार काढला नाही त्यांनी.

पहिल्या वर्षी घरात सणवार नव्हतेच, खंडेनवमीला मी कामावर गेले नाही. वर्षश्राद्ध झालं आणि दुसरी खंडेनवमी आली. मी सकाळी परसातला एक झेंडू रुमालात बांधून नेला. काही मोठा विचार केला नव्हता. दर वर्षी नेत होते म्हणून नेला.

ऑफिसात पोचले तर फोरमन दारातच उभे. हे फोरमन म्हणजे ह्यांचे दोस्त. एका ताटात डबा खाल्लेली माणसं. ह्यांना खांदा दिला होता त्यांनी. माझ्या हातातला रुमाल बघून त्यांचा चेहरा पडला. हळूच म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. आज पूजेला अकाउंटवाल्या मॅडम बसतील. तुमी... तुमी आराम करा. स्विच मी स्वतः पुसून ठेवला हाय, शेडमधला पन. एकदम चकाचक."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. अकाउंटवाल्या मॅडमचं मागच्या उन्हाळ्यात लग्न झालं होतं, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. बिचारी माझ्याकडे बघायला तयार नव्हती. मी एवढी फटकळ बाई, फोरमन ओरडून बोलले असते तर मी दोन दिल्या असत्या. पण ते मायेने बोलले, आणि मायेला फटकारायचं कसं? मी स्टोअरच्या मागे जाऊन रिकाम्या खोक्यांवर बसले. तिथून नारळ फोडल्याचा आवाज आला, टाळ्या आल्या, कापराचा वास आला. ज्या पेटीतलं कुठलं भोक कशाचं ते मी झोपेत सांगितलं असतं, तिच्यासमोर मला उभं राहायची बंदी होती. कारण काय, तर ज्याने तिची वायर ओढली तो मेला होता.

थोड्या वेळाने आतून कोणीतरी कौतुकाने म्हणालं, "बघा बघा, पूजा केल्याबरोबर दिवे कसे जोरात चमकायला लागले!"

मी ताडकन उठले. आत जाऊन बघते तर काय, सगळे दिवे एका दमात लुकलुकतायत आणि लोक हात जोडून उभे. देवी प्रसन्न झाल्यासारखे चेहरे! तेवढ्यात शेडमधून माणूस धावत आला, चलन निघत नाही, ट्रक उभे आहेत, काहीच चालत नाही.

मी पेटीकडे बघितलं आणि समजलं. फोरमननी पुसायला म्हणून सगळ्या वायरी काढल्या होत्या. पुसून झाल्यावर पुन्हा लावल्या, पण ओळीने, डावीकडून, एकही भोक मध्ये रिकामं न ठेवता. पूजेच्या दिवशी कसं सगळं देखणं दिसायला हवं! जोडीच्या दोन वायरी पहिल्या दोन भोकांत. शेडमध्येही तसंच, आणि पूजा होईपर्यंत दोन्ही पेट्यांची वीज बंद ठेवलेली. शेवटची दोन भोकं, जी आम्ही एक करून ठेवली होती, ती रिकामी, आणि त्यांवर झेंडूची माळ. आणि वायरी सुट्या होत्या. पिवळी टेप नव्हती.

मी आधी एक वायर उपटली. दिवे शांत झाले. फोरमनना म्हटलं, "शेडमध्ये जा. इंटरकॉम उचला. सांगते तसं करा." ते पळाले. मी माळ बाजूला केली आणि दुसरी वायर पण काढून हातात धरली. फोन वाजला.

"वहिनी, दोन्ही काढल्या हितं. शेवटच्या दोन भोकांत लावू?"

तेवढंच विचारलं त्यांनी. त्यांना काय ठाऊक! मी हातातल्या दोन वायरींकडे बघत राहिले. पलीकडून ते पुन्हा पुन्हा, "वहिनी? लावू काय? वहिनी?" ऑफिसातले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी डोळे पुसले नाहीत, वायरी हातात होत्या. म्हटलं, "थांबा." माझ्या बाजूच्या दोन्ही लावल्या. मग म्हटलं, "हां. लावा."

जोडीचे दोन दिवे लागले.

"लागले," मी म्हटलं.

पलीकडून काहीच नाही. फोरमननी फोन ठेवून दिला होता. काम झालं होतं ना.

साहेब म्हणाले, "वा वा! घ्या, पेढा घ्या." तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सवाष्णीने पुजलं म्हणून बंद पडलं नाही आणि विधवेचा हात लागला म्हणून चालू झालं नाही. ज्याला ठाऊक आहे त्याने हात लावला म्हणून झालं. पेढा राहू द्या." अकाउंटवाल्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिचा तर काहीच दोष नव्हता. बोलून मला काही हलकं वाटलं नाही. खरं सांगते, जरासुद्धा नाही.

फोरमन परत आले तेव्हा मी एवढंच विचारलं, "पिवळी टेप कुठे आहे?"

"ती होय? चिकट झालेली, धूळ बसलेली. काढून टाकली मी."

"ह्यांनी लावली होती ती."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग ते वळले आणि कॅन्टीनमागच्या कचऱ्याच्या पिंपाकडे चालायला लागले, मी त्यांच्या मागून. पिंपात नारळाच्या शेंड्या, चिंध्या, सुकलेली पानं, चहाचा चोथा. फोरमननी पूजेचा नवा पांढरा शर्ट घातला होता. बाह्या वर न करता त्यांनी दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घातले. शेवटी एक टेप सापडली, शेंडीच्या काथ्याला चिकटलेली, अजून दोन वायरींच्या आकाराची वळलेली. शेडमधली सापडली नाही. ते शोधतच राहिले. "राहू द्या भाऊजी," मी म्हटलं. "असू द्या." ते पिंपाला टेकून रडायला लागले, आणि मीच त्यांना पाणी आणून दिलं.

संध्याकाळी घरी आले. सासूबाईंनी ओटीवर पाट मांडला होता. पाटावर विळे, कोयता, कुऱ्हाड, आणि ह्यांची पक्कड, टेस्टर. पक्कडीला तेल लावून पुसलं होतं. बाजूला हळदीकुंकवाचा करंडा, फुलं. चुलत दीर शहापूरला कामाला जायचे, ते आले की पूजा करणार होते. ह्यांच्यामागे घरातला पुरुष म्हणून तेच.

मी रुमालातली टेप काढून पक्कडीजवळ ठेवली. झेंडू तसाच होता, थोडा चेंगरलेला. सासूबाईंनी विचारलं, "ह्ये काय गो?" आणि मी सगळं सांगितलं. रडत सांगितलं, शिव्या देत सांगितलं. त्या ऐकत होत्या. सासरे गेले तेव्हा हे शाळेत होते. तेव्हापासून शेत ह्याच बाईने ओढलं होतं.

त्यांनी पाटावरचा एक विळा हातात घेतला. मुठीचं लाकूड त्यांच्याच हाताने झिजलेलं होतं.

"मलाबी असंच सांगितलेलं," त्या म्हणाल्या. "तुजा सासरा गेला त्या दसऱ्याला. लावनी मी केली, कापनी मी केली, ह्याच विळ्यानं. पूजेला म्हनले, तू मागं हो. मी मागल्या दारी जाऊन हुबी राह्यले." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू बोललीस तरी. मी आयकलं गो."

आणि त्यांनी करंडा पुढे ओढला. कुंकवात बोट घालून उचललं, तर निम्मं पाटावर सांडलं. किती वर्षांनी त्या बोटाला कुंकू लागत होतं कोण जाणे. आधी पक्कडीला लावलं, मग विळ्याला. मग करंडा माझ्याकडे सरकवला. मी टेपजवळ हळदीचं बोट ओढलं, वर तो झेंडू ठेवला. मंत्र कोणालाच येत नव्हता. ह्यांचं ते वाक्य माझ्या ओठांवर आलं, पानी नको सांडू गो, आणि तिथेच राहिलं.

अंगणात चपला वाजल्या. चुलत दीर आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पूजेला आले होते. पाटावरचं कुंकू बघितलं, आम्हा दोघींची बोटं बघितली आणि पायरीवरच थबकले. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार.

सासूबाईंनी वर न बघताच म्हटलं, "झाली पूजा. बस, चाय घे."

चहा मी केला. साखर घालायची राहिली, आणि तिघांनी तो तसाच प्यायला.